फोटोखाली ‘४००एक्स’ लिहून काय सिद्ध होतं?

नांदेडला गोदावरीचं किंवा लातूरला मांजरा नदीचं पाणी घेऊन डायटमवर काम करायचं ठरवलंय? मग आधीचे प्रबंध चाळताना फोटोखालची ओळ नीट वाचा. पुष्कळदा तिथे ‘विवर्धन ४००एक्स’ एवढंच असतं. माझा आक्षेप याच ओळीवर आहे.

विवर्धन म्हणजे प्रतिमा किती मोठी दिसते. दोन जवळच्या रेषा वेगळ्या दिसतील का, हे ठरवतं ऑब्जेक्टिव्हचं न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे एनए. अ‍ॅबेचं १८७३ चं सूत्र आपण परीक्षेत घडाघडा लिहितो: किमान अंतर = तरंगलांबी ÷ (२ × एनए). प्रयोगशाळेत मात्र ते विसरतो.

आता नित्झिया पॅलिया घ्या. हा प्रदूषित पाण्यात तग धरणारा डायटम. त्याच्या कवचावर १० मायक्रॉनमध्ये साधारण २८ ते ४० रेषा असतात, म्हणजे दोन रेषांतलं अंतर ०.३६ ते ०.२५ मायक्रॉन. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा धरा. ४०एक्स ऑब्जेक्टिव्हचं एनए ०.६५ असेल तर मर्यादा येते ०.४२ मायक्रॉन. रेषा दिसणारच नाहीत! मोबाइलवर फोटो कितीही ताणा, धूसरपणाच मोठा होईल. तेलातल्या १००एक्सचं एनए १.२५; मर्यादा ०.२२. आता रेषा मोजता येतील.

पण इथेही एक गोम आहे. कंडेन्सरचं आयरिस बंद करून ‘कॉन्ट्रास्ट छान आला’ म्हणायची आपल्याला सवय. वरच्या सूत्रात कंडेन्सरचं एनए ऑब्जेक्टिव्हइतकंच धरलेलं असतं. ते ०.३ वर आणलंत तर मर्यादा ५५० ÷ (१.२५ + ०.३), म्हणजे ०.३५ मायक्रॉनवर घसरते. महागडं ऑब्जेक्टिव्ह लावूनही बहुतेक रेषा गेल्याच.

नुकसान कुठे होतं? ‘रेषा दिसल्या नाहीत’ याचं लिहिताना ‘रेषा नाहीत’ होतं. त्यावरून प्रजाती चुकते, आणि प्रजातीवरून काढलेला पाण्याच्या प्रदूषणाचा निष्कर्षही चुकतो. ‘४००एक्स’ हा आकडा तर छापताना फोटो लहान-मोठा झाला की तसाही खोटा पडतो.

म्हणून फोटोवर स्केल बार टाका. पद्धतीच्या प्रकरणात ऑब्जेक्टिव्हचं एनए, तेल वापरलं की नाही आणि कंडेन्सरची स्थिती लिहा. एनए ऑब्जेक्टिव्हवरच कोरलेलं असतं, ४०/०.६५ असं. तिरप्या रेघेनंतरचा आकडा वाचायची सवय आजच लावून घ्या.