डोळे पुसून झाल्यावर

दशलक्षण पर्व आटोपल्यावर आमच्या श्राविका मंडळानं एका दुपारी 'तारे जमीन पर' लावला होता. २००७ सालचा सिनेमा, सगळ्यांनी दोन-तीनदा पाहिलेला. तरी ईशानला बोर्डिंगात सोडून आई-बाप गाडीत बसतात, तिथं पदर डोळ्यांना लागलेच. माझाही लागला. शेजारच्या बाई तर हुंदके देत होत्या. त्यांचे यजमान आपल्या समाजाच्या एका शाळेच्या कमिटीवर आहेत, आणि त्याच शाळेनं जूनमध्ये माझ्या नणंदेच्या नातवाला पहिलीत घ्यायला नाही म्हटलं. मुलगा ऑटिस्टिक आहे. त्या बाई ढोंगी आहेत असं मी मुळीच म्हणत नाही, त्या मनापासून रडत होत्या. मला शंका आली ती सिनेमाची.

आमिर खाननं तो जीव ओतून केलाय, यात वाद नाही. डिसलेक्सिया हा शब्द आपल्या बेळगावच्या घराघरात पोचला तो त्याच्यामुळेच. आधी अशा पोराला 'मठ्ठ' म्हणत होतो आणि धपाटे घालत होतो. पण ईशानची शाळेतली जागा शेवटी पक्की कशानं होते, बघा. निकुंभ सर मुख्याध्यापकांशी भांडतात, मुलाला शिकवतात, हे सगळं खरं. तरी कथेचा निकाल लागतो चित्रांच्या स्पर्धेत. ईशानचं चित्र पहिलं येतं, ते शाळेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर झळकतं, मग बापाची मान वर होते. त्याचा दोस्त राजन पायानं अधू, तर तो वर्गात हुशार. म्हणजे ज्याच्यात उणं आहे त्यानं कुठंतरी दुप्पट भरून द्यायचं! आणि ज्याला चित्र येत नाही, गणित येत नाही, गाणंही येत नाही, तो? निकुंभ सर ज्या दुसऱ्या शाळेत शिकवतात तिथली मुलं आपण पाहतो, त्यांच्यासाठी गलबलतो, आणि ती तिथंच राहतात.

'हिचकी'त (२०१८) राणी मुखर्जीच्या नैनाला टुरेट सिंड्रोम आहे. लहानपणी बारा शाळा झाल्या तिच्या. बारा! त्या प्रत्येक शाळेच्या दारात तिची आई किती वेळ उभी राहिली असेल, याचाच एक सिनेमा झाला असता. इथं तो भाग झटकन उरकलाय. पुढं भेटतात खान सर. विक्रम गोखल्यांनी ते काम फार सुंदर केलंय. पण तिथंही तेच की हो, एक भला माणूस भेटला म्हणून पोरगी शिकली. भला माणूस बदलून गेला, रिटायर झाला, तर काय करायचं?

ईशानच्या वेळी भल्या माणसावाचून इलाजही नव्हता म्हणा. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ना डिसलेक्सिया, ना ऑटिझम. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात हे दोन्ही आले. सहा ते अठरा वर्षांच्या, चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या खास शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेत भेदभाव न करता प्रवेश मिळाला पाहिजे. हे 'हिचकी'च्या आधीचं आहे, आणि आपण मात्र अजून निकुंभ सरांची वाट बघत बसलोय.

आता आपल्या घरातलं बोलते. राग मानू नका. २०१४ च्या जानेवारीत जैनांना देशपातळीवर अल्पसंख्य दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्याच वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की शिक्षण हक्काचा कायदा अल्पसंख्य संस्थांच्या शाळांना लागू नाही. तेव्हापासून 'आम्हाला ते लागू नाही' हे वाक्य पुष्कळांना पाठ झालंय. अहो, तो २००९ चा कायदा. अपंगांचा २०१६ चा वेगळा, तो या निकालानं कुठं गेलाय? आणि हे सांगणारे आपण कोण, तर कर्मवीर भाऊराव पाटील आमच्या समाजातले म्हणून छाती फुगवणारे. ज्यांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात जात न विचारता पोरं घेतली, ते!

नणंद शाळेत गेली तेव्हा मी बरोबर होते. मुख्याध्यापिकाबाई फार गोड बोलल्या. "आमच्याकडं तसे टीचर नाहीत, मुलाचंच नुकसान होईल हो." नकार असाच येतो, मुलाच्या भल्याच्या नावानं, चहा पाजून. कागदावर कधीच येत नाही. मी म्हटलं, "हेच लिहून द्या." चहा तसाच राहिला. लिहून काही मिळालं नाही, प्रवेशही नाही. तेव्हापासून मी विचारणाऱ्या प्रत्येक आईला सांगते, आधी अर्ज द्या, पोच घ्या, नंतर बोला. आम्ही आधी बोलून बसलो.

त्या दुपारी सिनेमा संपल्यावर मी शेजारच्या बाईंना म्हटलं, तुमच्या शाळेत एक ईशान आला होता, परत गेला. त्या गप्प झाल्या. मग हळूच विचारलं, "त्याला काय येतं?"

काही नाही, मी म्हटलं. पंखा फिरताना बघत बसतो. आजीचा हात सोडत नाही.

त्या यजमानांशी बोलणार आहेत. कमिटीची मीटिंग दिवाळीनंतर आहे. अर्ज आता लेखी दिलाय, पोच नणंदेच्या कपाटात आहे.