देवघेव विभागातील समीक्षा : सार्वजनिक ग्रंथालयातील ग्रंथशिफारशीचा चिकित्सक विचार (विशेष संदर्भ : उलवे)

प्रस्तावना :

मराठी समीक्षेचा इतिहास लिहिताना नियतकालिकांतील परीक्षणे, ग्रंथांच्या प्रस्तावना, परिसंवाद आणि विद्यापीठीय प्रबंध यांची दखल घेतली जाते. ग्रंथालयाच्या देवघेव विभागात बसलेला कर्मचारी परत आलेले पुस्तक हातात घेऊन वाचकाला 'आता हे न्या' असे सांगतो, त्याची नोंद मात्र या इतिहासात कोठेही नाही. वास्तविक सामान्य मराठी वाचकाच्या वाट्याला येणारी समीक्षा बहुतांशी हीच होय. १९६४ पासून 'ललित'सारख्या मासिकाने ग्रंथव्यवहाराची बातमी घरोघर पोचवली हे खरे; तथापि मासिकाचा वर्गणीदार हा मुळातच चोखंदळ वाचक असतो. गावच्या वाचनालयात वर्षाची वर्गणी भरून आठवड्याला एक पुस्तक नेणाऱ्या सभासदापर्यंत परीक्षण पोचते ते देवघेव करणाऱ्याच्या तोंडूनच. एका वाक्याच्या या मौखिक परीक्षणाचे स्वरूप, त्याचे निकष आणि त्याच्या मर्यादा यांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिफारस आणि सूची :

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिफारशीला स्थान आहे, पण ते गौण आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पंचसूत्रीतील दुसरे व तिसरे सूत्र वाचक आणि ग्रंथ यांची परस्परांशी गाठ घालून देण्याची जबाबदारी ग्रंथालयावर टाकते. प्रत्यक्ष अध्यापनात मात्र या सूत्रांचे रूपांतर वर्गीकरण आणि तालिकीकरण यांत झाले. ग्रंथ योग्य फडताळात ठेवला म्हणजे तो योग्य वाचकाला सापडेल, असे त्यामागील गृहीतक आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची एकहाती सिद्ध केली, तिचे मोल कोणताही अभ्यासक नाकारणार नाही. परंतु सूची ग्रंथ अस्तित्वात आहे एवढेच सांगते. तो कोणी वाचावा हे सांगत नाही, आणि तिने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही. शिफारस नेमकी तेथून सुरू होते.

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार बराच आधी झाला. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ मध्येच ग्रंथपाल आणि वाचक यांच्या व्यक्तिगत संबंधांवर लेख लिहिला. पुढे जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राऊन यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात या व्यवहाराला रीतसर शास्त्राचे रूप दिले. वाचकाला आवडलेल्या पुस्तकाचा विषय पाहण्यापेक्षा त्याची गती, पात्रचित्रणाची रीत, कथानकाची मांडणी आणि एकंदर वातावरण पाहावे व त्यावरून पुढील पुस्तक सुचवावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्याकडील अनुभवी कर्मचारी नेमके हेच करतो, फक्त त्याला कोणी परिभाषा दिलेली नाही. 'हे जरा संथ आहे, पण शेवट चांगला आहे' हे त्याचे वाक्य गतीचे आणि मांडणीचे परीक्षणच आहे.

बडोदे संस्थानाचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले आणि फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या गावोगाव धाडल्या. पेटीत कोणती पुस्तके भरायची हा निर्णय शिफारशीचाच एक प्रकार होय. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांकडे पाठवल्या, तेथेही निवड आधी होते. दोन्ही योजनांचे श्रेय मोठे आहे. तरीही पेटी बोलत नाही. तिच्यातील निवड एका कल्पित सर्वसाधारण वाचकासाठी असते. समोर उभ्या असलेल्या, कालच कोणाच्या तरी दहाव्याला जाऊन आलेल्या विशिष्ट वाचकासाठी नसते.

निकषांचा संघर्ष :

विद्यापीठीय समीक्षा कलाकृतीचे मूल्यमापन करते. देवघेव विभागातील समीक्षा वाचक आणि कलाकृती या जोडीचे मूल्यमापन करते. हा भेद मूलभूत आहे, आणि या दुसऱ्या समीक्षेची जी उपेक्षा झाली तिचे कारणही त्यातच आहे. र. वा. दिघे यांचे उदाहरण घेता येईल. खोपोली परिसरात वास्तव्य केलेल्या या कादंबरीकाराने 'पाणकळा', 'सराई' यांसारख्या कादंबऱ्यांतून तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या परिसरातील शेतकरी, डोंगर आणि पाऊस मराठी कादंबरीत आणला. अभ्यासकांनी त्यांना ग्रामीण कादंबरीचे एक अग्रणी मानले, पण त्यांच्या लेखनातील अद्भुतरम्यता, उत्कंठा आणि रोमांच यांना वास्तवाच्या चित्रणातील उणीव ठरवले. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने ही टीका सयुक्तिक आहे. परंतु ज्याने शाळा सुटल्यापासून एकही पुस्तक पूर्ण केलेले नाही, अशा वाचकाला पहिली कादंबरी देताना नेमकी ही उत्कंठाच उपयोगी पडते. वर्गात जो दोष म्हणून शिकवला जातो, तोच देवघेवीच्या वेळी गुण ठरतो. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मात्र पहिल्यालाच समीक्षा म्हणायचे आणि दुसऱ्याला ग्राहकसेवा, ही विभागणी तर्काला धरून नाही.

अर्थात या मौखिक समीक्षेचे गोडवे गाणे हाही भाबडेपणा ठरेल. तिची पहिली मर्यादा म्हणजे सवयीची शिफारस. नवा सभासद आला की 'मृत्युंजय', 'स्वामी' किंवा 'श्रीमान योगी' हातात ठेवणे सोपे असते. १९६० च्या दशकातील या तिन्ही कादंबऱ्यांची लोकप्रियता स्वयंसिद्ध आहे, आणि जे पुस्तक कोणीही परत आणून तक्रार करणार नाही ते देण्यात धोका नसतो. धोका नसलेली शिफारस ही शिफारस नव्हेच. त्यात परीक्षकाने वाचकाविषयी काहीही जाणून घेतलेले नसते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. गृहिणीला कौटुंबिक कादंबरी, निवृत्त गृहस्थाला अध्यात्म, तरुणाला स्पर्धापरीक्षेचे मार्गदर्शक, ही वाटणी वाचक तोंड उघडण्यापूर्वीच झालेली असते. पेहराव, आडनाव आणि वय यांवरून केलेले हे अनुमान सौजन्याच्या रूपात येते, म्हणून ते खटकत नाही. दलित आत्मकथने विशिष्ट वाचकांनाच सुचवली जातात आणि इतरांना ती 'जड' म्हणून टाळली जातात, तेव्हा ग्रंथालयाच्या दारातच समाजाची जुनी रचना पुन्हा उभी राहते. मुक्तद्वार पद्धती असलेल्या ग्रंथालयात वाचक फडताळापाशी स्वतः जाऊन ही चौकट मोडू शकतो. जेथे चिठ्ठीवर नावे लिहून देण्याची पद्धत आहे, तेथे आतून पुस्तक काढून आणणारा हातच निवड करतो.

उलव्यातील कसोटी :

जुन्या गावातील वाचनालयात कर्मचाऱ्याला सभासदाचे घर ठाऊक असते. आजोबांनी काय वाचले, मुलीचे लग्न कोठे ठरले, कोणाची गिरणी बंद पडली, हे सारे त्याच्या शिफारशीमागे असते. ही ओळखच नसेल तर काय होते, याचा विचार करण्यासाठी पनवेल तालुक्यातील उलव्याइतके बोलके ठिकाण क्वचित सापडेल. सिडकोने वसवलेल्या या नोडमध्ये खारकोपरपर्यंतची उपनगरी रेल्वे ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोचली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा हा नोड तिच्या हद्दीत घेतला गेला नव्हता. येथे राहावयास आलेले कुटुंब मुंबईच्या चाळीतून, घाटावरून, विदर्भातून किंवा परप्रांतातून आलेले असते. त्याचा शेजार नवा, त्याची वाचनाची पूर्वपीठिका कोणासही अज्ञात.

त्याच वेळी उलवे हे एका जुन्या गावाचेही नाव आहे. विमानतळासाठी जी दहा गावे उठवण्यात आली त्यांत उलवे होते. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, वाघिवली ही नावेही त्याच यादीतील. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. म्हणजे एकाच नावाच्या ठिकाणी गाव सोडून आलेला आणि गाव जागेवरून नाहीसे झालेला, असे दोन वाचक एकाच रांगेत उभे राहू शकतात.

या दुसऱ्या वाचकाला विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' द्यावी का? १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणग्रस्तांच्या परवडीची आहे. विषयानुसार शिफारस करणारा ती निःशंकपणे देईल: विस्थापिताला विस्थापनाची कादंबरी. पण साम्य येथे अर्धेच आहे. धरणग्रस्ताचे दुःख पुनर्वसनाच्या फसवणुकीचे आहे, खैरमोडे गुरुजींसारख्या माणसाची ससेहोलपट त्यातून येते. विमानतळबाधितांच्या वाट्याला साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचा मोबदला आला. त्यांच्यासमोरील प्रश्न जमिनीच्या किमतीने उभा केलेला आहे. ज्याच्या शेतावर धावपट्टी आली आणि ज्याच्या नावावर भूखंड आला, त्या कुटुंबातील वडील माणसाला ही कादंबरी आपली वाटेल, की आपल्या दुःखाला त्यात जागा नाही असे वाटेल, हे कादंबरीचे परीक्षण वाचून ठरत नाही. देव, स्मशान, विहीर, आळीतली ओळख यांच्या तुटण्याचे जे वर्णन तेथे येते, ते कदाचित त्याला थेट भिडेल. त्याच घरातील विशीतल्या मुलाला मात्र मधु मंगेश कर्णिक यांची 'माहीमची खाडी' (१९६९) अधिक जवळची वाटण्याचा संभव आहे. मुंबईच्या खाडीकाठी बाहेरून आलेल्या माणसांनी उभे केलेले जग त्यात आहे, आणि त्याचा नवा शेजारी तसाच बाहेरून आलेला आहे. उलट नव्या शेजाऱ्याला 'पाणकळा' द्यावी. ज्या जिल्ह्यात त्याने सदनिका घेतली तेथे पूर्वी पाऊस कसा पडत असे, हे त्याला त्याच्या सदनिकेच्या माहितीपत्रकात आढळणार नाही.

ही निवड वादग्रस्त ठरू शकते, आणि तशी ती ठरावी. आगरी बोलीतील लेखन या यादीत येऊ नये, ही तिची मोठी उणीव होय. ते बहुधा स्थानिक पातळीवर छापले जाते. कर्मचाऱ्याने आग्रहाने मागवले नाही तर ते संग्रहात येण्याचा मार्ग अरुंद असतो. शिफारस करणाऱ्याचे काम म्हणूनच देवघेवीच्या वेळी सुरू होत नाही, ते ग्रंथखरेदीच्या बैठकीत सुरू होते, आणि त्या बैठकीत बहुधा त्याला बोलावले जात नाही.

वेतन आणि नोंद :

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची 'अ' ते 'ड' अशी वर्गवारी होते आणि तीनुसार अनुदान मिळते. २०२२ मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ करण्यात आली, तेव्हा 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजार रुपये झाले. ही संपूर्ण रक्कम वेतनावर खर्च केली, तरी महिन्याला चार हजार होतात. आणि ती संपूर्ण वेतनावर खर्च करता येत नाही, कारण पुस्तके व वृत्तपत्रेही त्यातच घ्यावयाची असतात. एवढ्या मोबदल्यावर बसलेल्या व्यक्तीने 'झाडाझडती' वाचलेली असावी, समोरच्या माणसाला पारखावे आणि आडनावावरून अनुमान करू नये, ही अपेक्षा महाविद्यालयीन अध्यापकांनी करताना क्षणभर थांबावे हे बरे.

शिवाय शिफारशीची नोंद राहत नाही. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी ही पूर्वी एक अबोल शिफारस होती. शिक्क्यांची गर्दी पाहून वाचक पुस्तक उचलत असे. संगणकीकृत देवघेवीत ती चिठ्ठी मागे पडते आणि आकडे पडद्याच्या आतल्या बाजूस राहतात. दोन दिवसांत परत आलेले पुस्तक वाचकाला आवडले म्हणून लवकर आले, की दहाव्या पानावर मिटले म्हणून, हे पडदा सांगत नाही. ते त्या वेळी समोर बसलेल्या कर्मचाऱ्यालाच कळते, आणि पुढल्या वेळी तो वेगळे पुस्तक काढून ठेवतो.