शेवटचे अक्षर ‘ती’

या वर्षी चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भाचीला दुसरी मुलगी झाली. थोरलीचे नाव अदिती. बारशाच्या चार दिवस आधी भाचीचा फोन : “मावशी, ‘ती’ने संपणारं नाव सांग. दोघींची जोडी जमली पाहिजे.” पाठोपाठ तिने नावांच्या एका पुस्तकातील पानाचे छायाचित्रही पाठवले. एकाखाली एक नावे : आरती, कीर्ती, ज्योती, तृप्ती, दीप्ती, प्रीती, मालती, रेवती, स्मृती, स्वाती. प्रत्येकापुढे एका शब्दात अर्थ, आणि संपले.

पंचांग आणि आरतीसंग्रह विकणाऱ्यांकडे मिळणारी ही पुस्तके मी बरीच वर्षे जमवत आले आहे. मला ते वाचनीय वाङ्मय वाटते, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडावेसेही वाटते. बहुतेक पुस्तकांची मांडणी पहिल्या अक्षरावर असते, आणि त्याला कारण आहे. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, प्रत्येक चरणाला एक अक्षर, अशी १०८ अक्षरे ठरलेली. अश्विनी असेल तर चू, चे, चो, ला. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो आणि आर्द्रेच्या तिसऱ्याला ‘ङ’. या अक्षरांनी सुरू होणारे नाव मराठीत आणायचे कुठून? म्हणून नावरस नाव पत्रिकेत राहते आणि व्यवहाराचे नाव वेगळे ठेवतात. पहिले अक्षर असे भटजींच्या ताब्यात गेले, की आईबापांच्या हौसेला उरते ते शेवटचे. तिथे ही पुस्तके नुसते यमक जुळवून मोकळी होतात.

भाचीने पाठवलेल्या पानावरचीच नावे घ्या. तृप्ती, दीप्ती, प्रीती, स्मृती ही एका घराण्यातली. संस्कृतात धातूला ‘क्तिन्’ प्रत्यय लागून झालेली, स्त्रीलिंगी, भाववाचक, आणि मुळात ऱ्हस्व : तृप्ति, स्मृति. अदितीही मूळची ऱ्हस्वान्तच. रेवती आणि मालती मात्र संस्कृतातच दीर्घ. आरती तर ‘आरात्रिक’ या शब्दापासून झिजत झिजत प्राकृतातून आपल्याकडे आली. तिची ‘ती’ प्रत्ययाची नव्हेच. सगळ्यांत मजा ज्योतीची. ‘ज्योतिस्’ हा संस्कृतात नपुंसकलिंगी सकारान्त शब्द. मराठीने त्याचा शेवटचा व्यंजनाचा तुकडा टाकला, इकार लांबवला आणि त्याला मुलगी करून टाकले.

इतक्या ठिकाणांहून आलेले शब्द एका रांगेत बसतात ते मराठीच्या एका सवयीमुळे. शब्दाच्या शेवटचा इकार आपण दीर्घच उच्चारतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांनी ही सवय लेखनात मान्य केली : कवि नव्हे कवी, स्मृति नव्हे स्मृती, आणि व्यक्तिनामांनाही तोच न्याय. शब्द समासात पुढे आला की मात्र त्याचा मूळचा ऱ्हस्व परत येतो. म्हणून मुलगी स्मृती, पण लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. मुलगी भक्ती, पण गीतेतला अध्याय भक्तियोग.

हे सांगण्याचे कारण म्हणजे थोरलीचा जन्मदाखला. त्यावर तिच्या वडिलांनी आग्रहाने ‘अदिति’ लिहवून घेतले आहे. “तेच शुद्ध,” असे त्यांचे म्हणणे. शुद्ध खरे, पण संस्कृतात. हिंदीतही प्रीति, ज्योति असेच लिहितात आणि हल्ली पडद्यावर नावे त्याच रूपात सतत दिसतात, त्यामुळे मराठी घरांत दीर्घ ‘ती’ गावठी वाटू लागली आहे. माझे मत उलटे आहे. ऱ्हस्व ‘ति’ हे पाहुण्याचे लेखन. दीर्घ केले की शब्द घरचा झाला.

घरचा होणे म्हणजे काय, ते विभक्तीत दिसते. रामायणातल्या सीतेला रावणाने पळवले, पण शेजारच्या सीताला ताप आला. नदी असेल तर गंगेला पूर येतो. बाई असेल तर आपण गंगाला हाक मारतो. आकारान्त शब्द माणसाचे नाव झाला की मराठीचे सामान्यरूप नाकारतो, जणू त्याला हात लावायला आपण बिचकतो. किरण, शीतल यांचेही तेच : विटेला म्हणतो, शीतलेला म्हणत नाही. ईकारान्त नावांना ही अडचण नाही. नदीला, अदितीला, एकच चाल. नाव आणि शब्द यांत इथे शिवण दिसत नाही.

आता जोडीचा प्रश्न. बहिणींची नावे जुळवण्याची ही हौस मला उथळ वाटायची. मग लक्षात आले, की ती शक्य झाली त्याला फार दिवस झालेले नाहीत. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. आनंदीबाई जोशीही यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले, की माहेरचे नाव माहेरी राहायचे. दोघी बहिणींची अक्षरे कितीही जुळवली तरी ती जोडी लग्नापर्यंतचीच. आजही काही घरांत हे चालते, पण भाचीने तिच्या लग्नात नाव बदलू दिले नव्हते. मुलींच्या नावांची जोडी आयुष्यभर टिकेल असे ती गृहीत धरते, याला माझ्या लेखी यमकापेक्षा मोठे मोल आहे.

याच दीर्घ ईकाराचे आणखी एक नाव आहे. ते कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, पण हजेरीपटांवर होते. नकोशी. कुठे नकुशी, कुठे नकुसा. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, की तिला हे नाव. व्याकरणाने पाहिले तर नकोसा, नकोशी, नकोसे हे मराठीतले साधे विकारी विशेषण. ना संस्कृताचा आधार, ना ऱ्हस्व-दीर्घाचा वाद. स्त्रीलिंगाचा ‘ई’ इथे नावाला गोडवा आणत नाही. मुलगी नकोशी का झाली, तेच तो सांगतो. ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात सरकारी कार्यक्रमात अशा २८०हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. नावांच्या पुस्तकांत अर्थाला एकच शब्द पुरतो असे मानणाऱ्यांनी हजेरीपटावरचे हे एका शब्दाचे नाव एकदा वाचावे. माझी भाचीही दुसऱ्यांदा मुलगीच झालेली आई आहे. तिच्या दवाखान्यातल्या खोलीत “असू दे, पुढच्या वेळी” म्हणणारी दोन माणसे मी स्वतः ऐकली. म्हणून ‘जोडी जमली पाहिजे’ हे तिचे वाक्य मी पुढे हसण्यावारी नेले नाही.

बाळाचे नक्षत्र स्वाती, चरण दुसरा, अक्षर ‘रे’. शेवट ‘ती’ हवा, म्हणून रेवती. स्वाती नक्षत्रावरची मुलगी, तिला नाव दुसऱ्याच नक्षत्राचे, यावर भटजी हसले. त्यांच्या हिशेबात मात्र ते चुकत नव्हते. बारशाला आत्याने कानात नाव सांगितले. दाखल्याचा अर्ज भरताना भाचीच्या नवऱ्याने विचारले, “यात ती ऱ्हस्व की दीर्घ?” रेवती संस्कृतातही दीर्घच, तेव्हा या खेपेस वाद नव्हता. थोरलीचा दाखला दुरुस्त करायला काय काय कागद लागतात, ते त्याने त्याच दिवशी विचारून घेतले.