मोजणीबाहेरची माणसे

बाहेरून आलेला मजूर स्थानिक गरिबाची भाकरी हिरावून घेतो काय? या प्रश्नावर अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ मायामी शहराचा दाखला देत वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. 1980 च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे 1,25,000 माणसे फ्लोरिडात उतरली. मायामीतील श्रमिकांची संख्या सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. तरीही कमी शिकलेल्या स्थानिकांच्या, त्यातील काळ्यांच्याही, मजुरीवर व रोजगारावर जवळजवळ परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष डेव्हिड कार्ड यांनी 1990 साली मांडला. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी शालान्त शिक्षण अपुरे राहिलेले, हिस्पॅनिक नसलेले पुरुष वेगळे काढले आणि त्यांची मजुरी 10 ते 30 टक्क्यांनी घसरल्याचे सांगितले.

खरी मेख इथेच आहे. मायकेल क्लेमेन्स व जेनिफर हंट यांनी दाखवून दिले की, नेमक्या त्याच सुमारास सरकारी पाहणीत गरीब काळ्या पुरुषांची नोंद अधिक होऊ लागली होती. कमी मजुरीची माणसे यादीत आली आणि सरासरी खाली गेली. शिवाय बोर्हास यांचा नमुना एकेका वर्षाला वीसेक पुरुषांचा! हा आक्षेप बोर्हास यांनी मान्य केला नाही. पण तो खरा धरला, तर अर्थ भयंकर आहे. जी घसरण म्हणून दाखवली गेली ते बऱ्याच अंशी जुनेच दारिद्र्य होते; फक्त ते आता मोजले गेले. दोष मात्र होडीतून उतरलेल्या माणसाच्या माथी.

कार्ड यांचा निष्कर्षही इथे पुरा पडत नाही. ‘परिणाम नाही’ म्हटल्याने काळा मजूर आधीच तळाशी का होता, हे कळत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आर्थर मॅकडफी या काळ्या माणसाच्या मृत्यूप्रकरणी सर्व गोऱ्या ज्यूरीने पोलिसांना निर्दोष सोडले. लिबर्टी सिटी पेटली, 18 माणसे मेली.

हे दुखणे आपल्याही परिचयाचे आहे. मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीच्या विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते, ते स्पर्धेमुळे नव्हे, विटाळामुळे. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला.

म्हणून आकडे हाती घेणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी नवा कोण आला हे जरूर पाहावे. पण त्याआधी यादीत कोण नव्हते, हे विचारावे.