दारांवरची नक्षी आणि आतले खण

आज आपण एका लाकडी कपाटाची समीक्षा करणार आहोत. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत 'लिनन प्रेस' असे. म्हणजे चादरी, टेबलावरची कापडं, रुमाल ठेवायचं कपाट. लिनन हे जवसाच्या खोडातल्या धाग्याचं कापड. इथे पिशोरात आपण भाकरीबरोबर ज्या जवसाची चटणी खातो, तीच ही वनस्पती.

या कपाटाची तारीफ होते ती दारांवरच्या जडावकामासाठी. तांबूस महोगनीवर पिवळसर सॅटिनवुडच्या रेषा, मध्ये एखादा शंख. काम देखणं आहे, वादच नाही. पण जडावकाम ही काही एकट्या इंग्लंडची मिरास नव्हे. सतराव्या शतकात गोव्यात सागवानावर आबनूस आणि हस्तिदंत जडवून कपाटं होत. त्यांतली काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. आणि महोगनी तरी इंग्लंडची कुठे? ती आली वेस्ट इंडिजमधून, गुलामांच्या कष्टांवर.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. जाणकार मंडळी दारांपाशीच थांबतात. दारं उघडा, आत सरकते, उथळ खण आहेत. खण पुढे ओढायचा, हवी ती चादर उचलायची. बाकीच्या घड्या विस्कटत नाहीत. चादरीच्या कोपऱ्यात धाग्याने आद्याक्षरं आणि आकडा घालत, म्हणजे प्रत्येक चादर पाळीपाळीने वापरात येई. कापड टिकावं, हा विचार इथे लाकडात उतरलाय. नक्षी त्या विचाराला शोभा देते, त्याची जागा घेत नाही.

पुढे कपडे टांगायची रीत आली. अनेक कपाटांतले खण काढून तिथे दांडी बसवली गेली. दारं तशीच राहिली, म्हणून कौतुकही तसंच राहिलं. वस्तूतलं काय गेलं की ती वस्तू उरत नाही, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. इथे आम्ही उत्तर देऊ: खण.

पैठण तर आपल्याच जिल्ह्यात. पैठणी मऊ सुती कापडात गुंडाळतात, अधूनमधून घडी मोडून वेगळी घालतात. नाहीतर जर घडीवरच तुटते. आपल्या आज्यांच्या साध्या पेट्यांना जडावकाम नव्हतं, पण ही समज होती. आज त्या पेट्या दिवाणखान्यात फुलदाणीखाली दिसतात. पेटी राहिली याचा आनंद आहेच. पण घडी कधी मोडायची, हे घरात कुणाला विचाराल?