शेवटच्या ओळीचे स्थान

विद्यापीठीय अध्ययनात लेखी शोधनिबंधाच्या जोडीला स्लाइडांच्या साहाय्याने केलेले निवेदन आणि संशोधनाचे भित्तिपत्रक ह्या दोन प्रकारांना आता स्थिर स्थान प्राप्त झाले आहे. त्यांची चर्चा मात्र बहुधा अक्षरांचा आकार, रंगसंगती आणि वेळेचे बंधन ह्यांभोवतीच घुटमळते. विचार अगोदरच सिद्ध असतो व मांडणी हे त्याचे केवळ वेष्टन होय, अशी समजूत ह्या चर्चेमागे असते. ती कितपत ग्राह्य आहे?

कोलंबिया अवकाशयानाची दुर्घटना ह्या बाबतीत उद्बोधक आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील उष्णतारोधक फेसाचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी संभाव्य हानीचा अंदाज स्लाइडांच्या रूपाने व्यवस्थापकांपुढे ठेवला. १ फेब्रुवारीस परतीच्या वाटेवर यान भंगले आणि कल्पना चावला ह्यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. ह्या स्लाइडांपैकी एकीचे एडवर्ड टफ्टी ह्यांनी केलेले विश्लेषण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात समाविष्ट केले. तिचे शीर्षक आश्वासक होते. प्रयोगातील तुकडा ३ घनइंचांचा, तर यानावरील तुकडा १९२० घनइंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा होता. त्यामुळे उपलब्ध प्रयोगांचा आधार ह्या प्रसंगी अपुरा ठरत होता. ही निर्णायक गोष्ट मात्र तळाशी, शेवटच्या ओळींत होती.

यानाचा नाश एका स्लाइडमुळे झाला, असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु तेथे कोणीही काही लपविले नव्हते, हेच अधिक विचार करण्याजोगे आहे. सत्य लिहिलेले होते, पण वाचणाऱ्याच्या मनात त्याला त्याच्या योग्यतेचे स्थान मिळाले नाही. स्थान हा येथे अर्थाचाच भाग ठरतो.

त्याच वर्षी टफ्टी ह्यांनी पॉवरपॉइंट ह्या साधनावरच कठोर टीका केली. तुटक मुद्द्यांच्या उतरंडीमुळे कार्यकारणसंबंध लोपतो, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. तथापि सर्व दोष साधनाच्या माथी मारणे न्याय्य नाही. आश्वासक शीर्षक माणसांनी निवडले होते. हाच दोष हस्तलिखित निबंधातही संभवतो. मायकेल अॅली ह्यांनी सुचविलेला मार्ग ह्या दृष्टीने अधिक विधायक आहे. स्लाइडच्या शीर्षस्थानी विषयाचे नाव नव्हे, तर पूर्ण वाक्यातील विधान असावे आणि त्याखाली त्याचा दृश्य पुरावा असावा. पूर्ण वाक्यात क्रियापद लागते, आणि क्रियापद आले की विधानाची जबाबदारीही येते.

२०१९ मध्ये माइक मॉरिसन ह्या अमेरिकेतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने भित्तिपत्रकाचा एक नवा आराखडा प्रसृत केला. मुख्य निष्कर्ष सुबोध वाक्यात, मध्यभागी, ठळक अक्षरांत आणि तपशील कडेला, असे त्याचे स्वरूप आहे. दालनातून चालत जाणाऱ्या वाचकाची त्यात यथायोग्य दखल आहे, हा त्याचा गुण निर्विवाद होय. परंतु निष्कर्ष मोठा झाला आणि त्याची मर्यादा कडेलाच राहिली, तर कोलंबियाच्या स्लाइडचाच दोष अधिक आकर्षक रूपात अवतरतो.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ३ गावांतील १२ भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून बोलीभाषेविषयी निष्कर्ष काढला. ‘ह्या जिल्ह्याची बोली बदलत आहे’ असे ठळक वाक्य लिहून ‘१२ भाषक’ हा तपशील कोपऱ्यात टाकणे हे अर्धसत्य होय. ‘३ गावांतील १२ भाषकांच्या बोलण्यात हा बदल आढळतो’ हे वाक्य कमी दिपविणारे, पण खरे आहे. शिवाय ते श्रोत्याला नेमका प्रश्न विचारण्याची संधी देते. भित्तिपत्रकापाशी संशोधक उभा असतो तो ह्या प्रश्नासाठीच.

सारांश, विद्यार्थ्याच्या सादरीकरणाचे मूल्यमापन करताना परीक्षकाने रंग व सफाई ह्यांच्या अगोदर एक गोष्ट पाहावी: निष्कर्ष ज्या आकाराच्या अक्षरांत आहे, त्याच आकारात त्याची मर्यादाही आहे काय? विद्यार्थ्यानेही तळाची ओळ लिहिताना तिची जागा खरोखर तळाशीच आहे काय, हे स्वतःस विचारावे. ह्या प्रश्नाचे उत्तर मांडणीच्या नियमांत सापडत नाही. त्यासाठी आपल्या पुराव्याचे बळ किती, हे अगोदर ठरवावे लागते.