ठाण्याची नोंदवही आणि ‘उचल्या’

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढल्याच वर्षी त्यास साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. तेव्हापासून या ग्रंथातील अनुभवाची दाहकता आणि लेखकाचे धैर्य यांचा गौरव विपुल झाला आहे. तो अनाठायी नाही. तथापि अशा गौरवात एक सोय दडलेली असते. करुणा वाटली की आपले वाचकाचे काम संपले, असे आपण मानतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा ग्रंथ करुणा मागत नाही. तो जाब विचारतो, आणि तोही एका दुसऱ्या लेखकाला. हा दुसरा लेखक म्हणजे पोलीस ठाण्याची नोंदवही.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजी राजवटीत कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. त्यांची नावे नोंदविणे, हजेरी घेणे, परवान्यावाचून गाव सोडू न देणे, हा त्या कायद्याचा व्यवहार. १९५२ साली तो रद्द झाला. पण कायदा पुसला तरी नोंदवहीची नजर पुसली गेली नाही. गायकवाडांच्या कथनातील आजोबांची हजेरी, घराची झडती आणि बायकापोरांदेखत होणारी मारहाण ही त्या नजरेचीच चित्रे आहेत. ज्या नावाने इतरांनी या समाजाला हिणवले, तेच नाव ग्रंथाच्या माथ्यावर घालून लेखकाने खाली आपली सही केली आहे. शीर्षकाचे खरे सामर्थ्य यात आहे.

आपल्या माणसांची चोरी लेखक लपवीत नाही, ही या ग्रंथाची दुसरी मोठी जमेची बाजू. चोरी झाली म्हणजे चोर शोधावा, हे न्यायाचे. चोरी झाली म्हणजे वस्ती गाठावी, हे अन्यायाचे. हा भेद तो व्याख्यान न देता प्रसंगांतून पटवितो. उत्तरार्धात मात्र चळवळीचा वृत्तांत कथनावर मात करतो आणि पूर्वार्धातील ताण सैल पडतो, हेही नमूद केले पाहिजे.

कांस्य बुद्धमूर्तींमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित असलेल्या, बऱ्हाणपूर जिल्ह्यातील फोपनारच्या वाचकाला हा ग्रंथ लातूरकडचा म्हणून दूर ठेवता येणार नाही. त्याच जिल्ह्यातील मोहद गावी जून २०१७ मध्ये, पाकिस्तानच्या क्रिकेटमधील विजयाचा आनंद साजरा केल्याच्या आरोपावरून तडवी मुसलमान समाजातील पंधराहून अधिक जणांना अटक झाली. प्रारंभी आरोप राजद्रोहाचा होता. काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला. ज्याच्या नावाने फिर्याद लिहिली गेली, त्या हिंदू शेजाऱ्यानेच आपण तशी तक्रार केली नव्हती, असे जाहीरपणे सांगितले. २०२३ साली न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले. मध्ये सहा वर्षे गेली. साहित्याचा अभ्यासक कोणत्याही संहितेविषयी पहिला प्रश्न विचारतो तो कर्तृत्वाचा. येथे तो प्रश्न पांडित्याचा राहत नाही. त्यावर माणसांची वर्षे अवलंबून असतात.

ही व्यथा केवळ आपलीच नव्हे. मे २०२० मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय पोलिसाच्या गुडघ्याखाली मरण पावला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या मृत्यूची बोळवण प्रकृतीच्या बिघाडावर करण्यात आली होती. रस्त्यावरील एका मुलीने केलेल्या चित्रणाने ती संहिता खोटी पाडली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणात अटकेच्या टिपणावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही असावी, असा दंडक घातला, त्याचेही मर्म हेच. सत्तेने लिहिलेल्या कागदावर दुसऱ्या कोणाचा तरी हात असला पाहिजे.

पोलिसांचे काम कठीण असते आणि आत्मकथन हा न्यायालयीन पुरावा नव्हे, हा आक्षेप मान्यच आहे. पण नोंदवहीतील मजकूर तरी आपोआप सत्य कसा ठरावा? ‘उचल्या’ वर्गात शिकविताना आपण अध्यापक विद्यार्थ्यांना बोलीचे विशेष लिहून देतो. त्यासोबत आणखी एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा: या माणसाविषयी याआधी कोणी लिहिले होते, आणि ते लिहिताना त्याला कोणी विचारले होते काय?